गाडीचे काळे प्लॅस्टिक पांढरे का पडते?

दिवाळीनंतरच्या एखाद्या सकाळी लोणावळ्याच्या बाजारपेठेत किंवा वडगाव मावळच्या तहसील कचेरीबाहेर उभ्या असलेल्या वाहनांवरून सहज नजर फिरवली, तर एक गोष्ट ध्यानात येते. पत्र्यावरचा रंग आठ-दहा वर्षांनंतरही बऱ्यापैकी तकाकी धरून असतो. पण बंपर, दारांवरच्या पट्ट्या, चाकांवरच्या कमानी, आरशांची आवरणे आणि पुढच्या काचेखालची जाळी मात्र राखाडी, पांढुरकी झालेली असते. एकेकाळी काळेभोर असलेले हे प्लॅस्टिक गाडीला अकाली वार्धक्य आणते. मग कोणी त्यावर खोबरेल तेल चोळतो, कोणी डिझेलचे फडके फिरवतो, कोणी बुटाचे पॉलिश लावतो. चार दिवस समाधान लाभते आणि पहिल्या पावसात ते वाहून जाते.

हा प्रश्न केवळ दिसण्याचा नाही. चुकीच्या उपायाने प्लॅस्टिक अधिक लवकर खराब होते आणि पुढे त्यावर रंग धरत नाही. काचेखालच्या जाळीवर फासलेले तेल पावसात काचेवर उतरले, तर बोरघाटात रात्रीच्या वेळी समोरचा रस्ता धूसर होतो. म्हणूनच उपाय निवडण्याआधी हे पांढरेपण नेमके कशामुळे येते, हे समजून घेणे अगत्याचे ठरते.

हे प्लॅस्टिक कोणते?

अॅम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनी या गाड्यांचे बंपर पोलादी असत व त्यांवर क्रोमचा चकचकीत मुलामा असे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि पुढच्या दोन दशकांत प्लॅस्टिकचे बंपर सर्वत्र रूढ झाले. नंतर आलेल्या उंच बांध्याच्या गाड्यांनी तर दारांच्या खालच्या भागापासून चाकांच्या कमानींपर्यंत काळ्या प्लॅस्टिकची झूलच पांघरली. हे भाग बहुधा रंगवलेले नसतात. काळेपणा प्लॅस्टिकच्या अंगातच मिसळलेला असतो.

या भागांसाठी सर्वाधिक वापर होतो तो पॉलिप्रॉपिलिनचा. इटालियन रसायनशास्त्रज्ञ जुलिओ नट्टा यांनी १९५४ मध्ये याचे उपयुक्त, सुबद्ध रूप घडवले. या क्षेत्रातील कार्यासाठी त्यांना आणि जर्मनीच्या कार्ल झीग्लर यांना १९६३ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. हे प्लॅस्टिक हलके व स्वस्त असते आणि पेट्रोल वा आम्लाला सहसा दाद देत नाही. धक्का सोसावा म्हणून त्यात रबर मिसळतात, ताठपणासाठी शंखजिऱ्याची पूड घालतात आणि रंगासाठी काजळी.

भाग कशाचा आहे हे ओळखण्याची खूण त्याच्या मागील बाजूस उमटवलेली असते. दोन कोनी कंसांत ‘पीपी’, ‘ईपीडीएम’, ‘टी २०’ अशी अक्षरे दिसली, तर पॉलिप्रॉपिलिन, रबर आणि २० टक्के शंखजिरे असा त्याचा अर्थ होतो. ‘एबीएस’ असे लिहिले असेल तर ते वेगळे प्लॅस्टिक होय. थिनर किंवा अॅसिटोन लागताच ते विरघळू लागते. आरशांची आवरणे आणि पुढची जाळी अनेकदा या प्रकारची असतात. दिव्यांच्या काचा मात्र पॉलिकार्बोनेटच्या असतात. त्या पिवळ्या पडण्याचे कारण व उपाय दोन्ही निराळे असल्याने त्यांना येथे सांगितलेला कोणताही लेप लावू नये.

उन्हात काय घडते?

प्लॅस्टिकचे रेणू म्हणजे हजारो दुव्यांच्या लांब साखळ्या. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांत या साखळ्यांचे कमकुवत दुवे तोडण्याइतकी ऊर्जा असते. पॉलिप्रॉपिलिनच्या रचनेत असे दुबळे सांधे जागोजागी आहेत. एक सांधा तुटला की तेथे हवेतील ऑक्सिजन शिरतो, त्यातून नवे चंचल घटक जन्मतात आणि ते शेजारच्या साखळीवर हल्ला करतात. अशा रीतीने एकदा सुरू झालेली झीज स्वतःच स्वतःला वाढवत नेते. काळे प्लॅस्टिक उन्हात तापून साठ-सत्तर अंश सेल्सियसपर्यंत जाऊ शकते आणि उष्णतेने ही क्रिया अधिक वेगाने होते.

ही झीज थोपवण्यासाठी कारखान्यातच प्लॅस्टिकमध्ये संरक्षक रसायने मिसळतात. काजळीही अतिनील किरण शोषून घेण्याचे काम उत्तम करते. परंतु संरक्षक रसायने कालांतराने खर्ची पडतात. पावसाने त्यांचा काही अंश धुऊनही जातो. त्यानंतर काजळीच्या कणांना धरून ठेवणारे प्लॅस्टिकच पृष्ठभागावर झिजू लागते. तेथे डोळ्यांना न दिसणारे असंख्य तडे पडतात आणि आतली शंखजिऱ्याची पांढरी पूड उघडी पडते. अशा खडबडीत पृष्ठभागावरून प्रकाश सर्व दिशांना विखुरतो आणि काळा भाग पांढरट दिसू लागतो.

दगडी पाटीचे उदाहरण येथे चपखल बसते. कोरडी पाटी राखाडी दिसते आणि ओले फडके फिरवताच काळी होते, कारण पाणी तिच्या बारीक खाचा भरून काढते. पाणी उडाले की पाटी पुन्हा राखाडी. विटलेल्या प्लॅस्टिकवर तेल लावणे म्हणजे हीच क्रिया थोड्या अधिक टिकाऊ द्रवाने करणे होय. तेलाने खाच भरते. तुटलेली साखळी सांधली जात नाही.

यात दिलासा देणारी बाबही आहे. अतिनील किरण आणि ऑक्सिजन यांचा मारा मुख्यतः वरच्या अत्यंत पातळ थरापुरता मर्यादित राहतो. बंपरची जाडी साधारण अडीच-तीन मिलिमीटर असते आणि तिचा बहुतांश भाग शाबूत असतो. म्हणूनच बहुतेक वेळा भाग टाकून न देता वाचवता येतो.

मावळचे ऊन आणि मावळचा पाऊस

मावळातील गुलाब उत्पादकांना हे शास्त्र निराळ्या वाटेने परिचयाचे आहे. तळेगाव दाभाडेचे फ्लोरिकल्चर पार्क आणि पवन मावळातील हरितगृहे यांवर पसरलेला सुमारे २०० मायक्रॉन जाडीचा प्लॅस्टिकचा कागद अतिनील किरणांना तोंड देणारी रसायने घालूनच बनवलेला असतो. तरीही काही वर्षांत तो ठिसूळ होतो आणि बदलावा लागतो. हरितगृहाच्या कागदावर जे वर्षानुवर्षे घडते, तेच गाडीच्या बंपरवर घडत असते. बंपर जाड आणि काळा असल्याने ते उशिरा दिसते, इतकेच.

येथील हवामान या दृष्टीने कठोर आहे. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर आहे. दर हजार मीटर उंचीमागे अतिनील किरणांची तीव्रता साधारण १० टक्क्यांनी वाढते. त्या हिशेबाने येथील वाढ थोडी असली, तरी ती वर्षानुवर्षे साचत जाते. मे महिन्याच्या मध्यावर दुपारी सूर्य येथे नेमका डोक्यावर येतो. पुण्याप्रमाणेच येथेही तो शून्य सावलीचा दिवस होय. त्या काळात आडव्या पृष्ठभागांवर, म्हणजे काचेखालच्या जाळीवर, बंपरच्या वरच्या कडेवर आणि छतावरच्या पट्ट्यांवर, सर्वाधिक मारा होतो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने रोज एकाच जागी उभ्या राहणाऱ्या गाडीची दक्षिणेकडील बाजू आधी विटते.

या उन्हापाठोपाठ पाऊस येतो. घाटमाथ्यावरील लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. अवघ्या साठ-पासष्ट किलोमीटरवरील पुण्यात तो सातशे मिलिमीटरांच्या आसपास असतो. आठ महिने उन्हाने तडकलेल्या पृष्ठभागात चार महिने पाणी, तांबडा चिखल आणि शेवाळ शिरते. सुट्टीपुरत्या उघडणाऱ्या बंगल्यांच्या आवारात झाडाखाली उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या खडबडीत पट्ट्यांवर सप्टेंबरअखेर हिरवट थर दिसतो, तो यामुळेच. तळेगावच्या गाडीला प्रामुख्याने उन्हाशी झुंजावे लागते. खंडाळ्याच्या गाडीला ऊन आणि पाणी दोहोंशी.

आधी निदान, मग उपाय

पांढरा दिसणारा प्रत्येक भाग उन्हाने विटलेलाच असतो असे नाही. पुढील साध्या चाचण्या घरच्या घरी करता येतात.

पाण्याची चाचणी : भाग धुऊन ओला असताना पाहावा. तो एकसारखा काळा दिसला आणि वाळल्यावर एकसारखा राखाडी झाला, तर झीज वरच्या थरापुरती आहे.

कडांची चाचणी : पांढरे डाग केवळ रंगीत पत्र्यालगतच्या कडेने असतील, तर ते बहुधा पत्र्यावर लावलेल्या पॉलिशचे अवशेष असतात. कोमट साबणाचे पाणी आणि नायलॉनचा मऊ ब्रश यांनी ते निघतात.

फडक्याची चाचणी : स्वच्छ, कोरडे पांढरे फडके दाबून फिरवावे. त्यावर खडूसारखी भुकटी उतरली, तर पृष्ठभाग सुटा झाला आहे. तो काढून टाकल्याशिवाय त्यावर काहीही टिकणार नाही.

नखाची चाचणी : नख फिरवताना भेगा जाणवत असतील किंवा पट्टी किंचित वाकवताच कडकडत असेल, तर झीज खोलवर गेली आहे. असा भाग बदलणेच श्रेयस्कर.

स्वच्छता हाच अर्धा उपाय

कोणताही लेप टिकेल की नाही, हे त्याच्या किमतीपेक्षा त्याखालच्या स्वच्छतेवर अवलंबून असते. प्रथम गाडीच्या शाम्पूने धूळ व चिखल काढावा. नंतर तेलकटपणा घालवणारे द्रावण डबीवरील प्रमाणात पाण्यात मिसळून ब्रशने घासावे. फेस तपकिरी किंवा काळसर येत असेल, तर तो स्वच्छ पांढरा येईपर्यंत ही क्रिया पुन्हा करावी. भरपूर पाण्याने धुऊन भाग सावलीत पूर्ण वाळू द्यावा. खडबडीत पोताच्या खळग्यांत ओल लपून राहते, म्हणून घाई करू नये. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समप्रमाणात घेऊन स्वच्छ फडक्याने पुसावे. शेवाळ असल्यास ते आधी घासून काढणे आवश्यक आहे. त्यावर लेप दिल्यास तो शेवाळासह पापुद्र्यासारखा सुटतो.

तीन वाटा

पहिली वाट ड्रेसिंगची. सिलिकॉन किंवा तत्सम तेल असलेले हे द्रव खाचा भरून काळेपणा आणतात. पाण्यात मिसळलेले प्रकार कमी चिकट असतात. तेलकट प्रकार अधिक चमकतात, पण धूळ धरतात. लावण्यास सोपे असले, तरी काही आठवड्यांतच ते पुन्हा लावावे लागतात आणि लोणावळ्याच्या आषाढसरींत त्याहूनही लवकर. झीज नुकतीच सुरू झालेल्या, नव्या गाडीसाठी ही वाट पुरेशी आहे.

दुसरी वाट पक्क्या लेपाची. सिलिका किंवा सिलोक्झेनवर आधारित, बाजारात ‘सिरॅमिक’ म्हणून ओळखले जाणारे लेप पृष्ठभागावर पातळ, कठीण पापुद्रा तयार करतात. काहींत काळा रंगही असतो. स्वच्छता काटेकोर असेल, तर त्यांचे आयुष्य ड्रेसिंगच्या कितीतरी पट असते. लेप थोड्या भागावर लावून जादा द्रव लगेच पुसावा. नाहीतर वाळल्यावर पट्टे उमटतात आणि ते सहज निघत नाहीत. लेप पूर्ण कडक होईपर्यंत, किमान एक दिवस, पाणी लागू देऊ नये.

तिसरी वाट रंगाची. खोल विटलेल्या, ओरखडे पडलेल्या भागांसाठी ती सर्वांत टिकाऊ आणि सर्वांत कष्टाची आहे. पॉलिप्रॉपिलिनचा पृष्ठभाग असा असतो की त्यावर द्रव पसरत नाही, थेंबांत गोळा होतो. नेहमीचा रंग त्यावर चिकटत नाही आणि काही महिन्यांत साल निघावी तसा निघतो. म्हणून रंगाआधी प्लॅस्टिकला रंग धरवणारा खास प्रायमर लागतो. मोटारीच्या रंगांच्या दुकानात तो ‘प्लॅस्टिक प्रायमर’ किंवा ‘अॅढेशन प्रमोटर’ या नावाने मिळतो.

शक्य असल्यास भाग गाडीवरून उतरवावा. वर सांगितल्याप्रमाणे स्वच्छता झाल्यावर घासणीच्या बारीक पॅडने तो हलका खरवडावा. पॉलिश पेपर जोराने वापरल्यास मूळचे दाणेदार पोत सपाट होते आणि ते पुन्हा आणता येत नाही. खरवडताना उडणारी भुकटी नाकात जाऊ नये म्हणून पाणी वापरावे व मुखपट्टी बांधावी. त्यानंतर प्रायमरचा एक पातळ हात, डबीवर सांगितलेल्या अवधीतच रंगाचे दोन-तीन पातळ हात आणि प्रत्येक हातामध्ये सुकण्यास पुरेसा वेळ, असा क्रम ठेवावा. बंपर लवचिक असल्याने रंगात लवचिकता आणणारा घटक मिसळलेला असावा, अन्यथा किरकोळ धक्क्यानेही तडे जातात. मॅट किंवा सॅटिन काळा रंग मूळच्या रूपाशी जुळतो. चकचकीत काळा लगेच उपरा दिसतो. दोन दिवसांनी एका कोपऱ्यात चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्यात ओढून पाहावी. पट्टीला रंग लागला नाही, तर काम पक्के झाले असे समजावे.

पार्किंग सेन्सर, दिवे आणि परावर्तक यांवर रंग जाऊ देऊ नये. सेन्सरवर जाड थर बसल्यास त्याचे कार्य बिघडते.

या तिन्ही वाटांचा क्रम महत्त्वाचा आहे. सिलिकॉन तेल एकदा खळग्यांत मुरले, की पुढे त्यावर मारलेला रंग गोल गोल खळ्यांनी फाटतो. रंगकाम करणारे कारागीर या दोषाला ‘फिश आय’ म्हणतात. म्हणून भाग रंगवायचाच असेल, तर त्यापूर्वी ‘तात्पुरते’ म्हणून तेल लावण्याचा मोह आवरावा.

टाळावयाचे उपाय

रॉकेल आणि डिझेल : हे द्रव प्लॅस्टिकमध्ये व त्यातील रबरात शिरून ते किंचित फुगवतात, म्हणून खाचा मिटल्यासारख्या दिसतात. द्रव उडाल्यावर पृष्ठभाग पूर्ववत होतो आणि त्यावर धूळ धरणारा तेलकट थर मागे राहतो.

खाद्यतेल व खोबरेल तेल : ते हवेत चिकट होते, धूळ ओढते आणि ओलसर हवेत बुरशीला आधार देते.

बुटाचे पॉलिश : रंग कपड्यांना व हातांना लागतो, मेण पावसात पांढरे पडते.

हीट गन : उष्ण हवेच्या झोताने वरचा थर वितळून काळा होतो, हे खरे. परंतु पॉलिप्रॉपिलिन १६० ते १६५ अंशांना वितळते आणि हीट गनचा झोत कित्येक शे अंशांचा असतो. झोत क्षणभर रेंगाळला तरी पट्टी वाकते, पोत पुसले जाते आणि शेजारच्या पत्र्याचा रंग फुगतो. खर्ची पडलेली संरक्षक रसायने उष्णतेने परत येत नाहीत. त्यामुळे पांढरेपण काही महिन्यांत पुन्हा उमटते.

स्कूटरची पायठेवणी, आसन, ब्रेकचे दांडे आणि टायरची धाव यांवर कोणतेही तेलकट द्रव लावू नये. तेथे चमकेपेक्षा पकड मोलाची असते. काचेखालच्या जाळीवर द्रव थेट न फवारता फडक्यावर घेऊन अगदी थोडा लावावा आणि नंतर कोरड्या फडक्याने पुसून घ्यावा. पावसात येथील तेल वायपरच्या पात्यांवर चढते आणि समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे काचेवर पसरट दिसू लागतात. धुके आणि मुसळधार पाऊस एकत्र असलेल्या घाटात हा धोका क्षुल्लक नव्हे.

केव्हा करावे?

लेप आणि रंग या दोहोंना कोरडी हवा लागते. दमट हवेत रंग मारल्यास वाळताना त्यावर ओल धरते आणि तो दुधाळ दिसतो. त्यामुळे घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर हे काम हाती घेऊ नये. ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा. मात्र पहाटेचे दव सरेपर्यंत थांबावे. एप्रिल-मे महिन्यांत काम करायचे असल्यास ते सकाळी आणि सावलीत करावे, कारण तापलेल्या प्लॅस्टिकवर द्रव पसरण्याआधीच वाळतो.

त्यानंतरची निगा सोपी आहे. शक्य तेथे गाडी छपराखाली ठेवावी. कापडी आच्छादन वापरल्यास ते हवा खेळू देणारे असावे. मेणकापडाखाली पावसाळ्यात ओल कोंडते. पत्र्याला पॉलिश करताना काळ्या पट्ट्यांवर मास्किंग टेप लावावी. उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीने अधूनमधून तोंड फिरवून उभे राहावे, म्हणजे एकाच बाजूवर ऊन पडत नाही.

जुनी गाडी घेताना

वापरलेली गाडी विक्रीस काढण्यापूर्वी तिच्या काळ्या भागांना ड्रेसिंग लावून चमकवण्याची प्रथा सर्वत्र आहे. त्यात गैर काही नाही. पण घेणाऱ्याने एक भाग साबणाने धुऊन, वाळवून पाहावा. गाडीचे खरे वय तेथे दिसते. एका बाजूची पट्टी विटलेली आणि दुसरी काळीभोर असेल, तर ती पट्टी केव्हा व का बदलली, हे विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे. उन्हात सतत एकच बाजू राहिली, हे त्याचे निरुपद्रवी कारण असू शकते. अपघात हे दुसरे.

काही गाड्यांच्या बाबतीत जुना भाग वाचवणे ही गरजच असते. तळेगावजवळ २००८ मध्ये सुरू झालेल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात स्पार्क आणि बीट या शेव्हर्ले गाड्या बनत. कंपनीने २०१७ अखेर भारतातील विक्री थांबवली, डिसेंबर २०२० मध्ये तेथील उत्पादन बंद झाले आणि जानेवारी २०२४ मध्ये कारखाना ह्युंदाईकडे गेला. विक्री थांबलेल्या अशा कोणत्याही गाडीच्या मालकाला नव्या पट्टीच्या शोधात फिरण्यापेक्षा आहे ती पट्टी नीट राखणे अधिक लाभदायक ठरते.

धुण्याच्या पाण्याचे काय?

या साऱ्या खटाटोपात एक गोष्ट विसरली जाते. गाडी धुताना निघालेले तेलकट, साबणाचे पाणी उताराने कोठेतरी जातेच. मावळात ते बहुधा इंद्रायणी, आंद्रा किंवा पवना यांच्या ओढ्यांना मिळते. लोणावळ्याजवळ कुरवंडे परिसरात उगम पावणारी इंद्रायणी पुढे देहू आणि आळंदीला जाते. नदीकाठी गाडी उभी करून डिझेलच्या फडक्याने पट्ट्या पुसणे आणि ते फडके तेथेच टाकणे म्हणजे त्या पाण्यात विष सोडणे होय. जलप्रदूषण प्रतिबंधक कायद्याने १९७४ पासूनच असे पदार्थ प्रवाहात सोडण्यास मनाई केली आहे. गाडी धुण्यासाठी सांडपाण्याची सोय असलेले केंद्र निवडावे. घरी धुतल्यास पाणी ओढ्यात न जाऊ देण्याची दक्षता घ्यावी आणि द्रावणाने भिजलेली फडकी वेगळी ठेवावीत.

काळे प्लॅस्टिक पांढरे पडते ते उन्हाने, मळाने नव्हे. म्हणून केवळ चोळून ते बरे होत नाही. आधी मृत थर स्वच्छ करणे, नंतर झिजेच्या खोलीनुसार ड्रेसिंग, लेप वा रंग यांपैकी एकच वाट निवडणे आणि शेवटी सावली देणे, हा क्रम पाळला तर मावळच्या उन्हापावसातही गाडीच्या पट्ट्या वर्षानुवर्षे काळ्या राहू शकतात.